पेट्राचे पाणी

वाळवंटातले ओसाड शहर पाहायला माणूस जातो तो तिथले खांब, कमानी आणि थडगी पाहायला. पाणी पाहायला कोणी जात नाही. मीही गेलो नव्हतो. २०१९ सालच्या मार्च महिन्यात जॉर्डन देशात काही दिवस मुक्काम होता. तिथे गेलेला मनुष्य पेट्रा न पाहता परतला, तर घरची मंडळी त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, असे आमच्या बरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे पडले. तेव्हा अम्मानहून सकाळी निघून रात्री परत, अशी वाटाड्यासह एका दिवसाची सहल ठरली.

अम्मान ते पेट्रा हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक. रस्ता उत्तम, पण दोन्ही बाजूंना पाहण्यासारखे काही नाही. करडी जमीन, अधूनमधून विजेचे खांब आणि एखादा मेंढ्यांचा कळप. जाण्यात तीन-साडेतीन तास, येण्यात तेवढेच, मध्ये जेवण, आणि वाटेत एका दुकानाशी सक्तीचा थांबा. आमच्या यात्रा-कंपनीचे त्या दुकानदाराशी काही साटेलोटे असावे. हे सारे वजा जाता प्रत्यक्ष शहरासाठी हातात उरले जेमतेम चार तास. हजार वर्षांच्या नगरीला चार तास! मी मनातल्या मनात चरफडत होतो. पण पुढे जी गंमत कळली, तिने माझा राग बराच निवळला. ती ओघात सांगेनच.

वादी मूसा या गावी बस थांबली आणि आमचा वाटाड्या भेटला. चाळिशीच्या घरातला, उन्हाने रापलेला, बोलण्यात अगदी काटकसरी मनुष्य. त्याने पहिली गोष्ट केली ती आमची डोकी मोजण्याची. सत्तावीस भरली. मग तो पुढे आणि आम्ही मागे, असे खडीच्या उतरत्या वाटेने निघालो.

पाऊण-एक किलोमीटर गेल्यावर दोन डोंगरांच्या मध्ये एक अरुंद फट दिसते. ही सिक नावाची घळ. पेट्रात शिरण्याचा मुख्य दरवाजा म्हणजे ही घळच. पुढे सव्वा किलोमीटर चालले की तिच्या दुसऱ्या तोंडाशी ते प्रसिद्ध, गुलाबी दगडात कोरलेले भव्य शिल्प उभे राहते. हॉलिवूडच्या चित्रपटातही ते झळकले आहे. त्यामुळे आमच्यातली तरुण मंडळी कॅमेरे सरसावून घळीकडे धावू लागली. वाटाड्याने हात आडवा केला.

“आधी इथे उभे राहा,” तो म्हणाला. “वर बघायला दिवस पडला आहे. आता खाली बघा.”

खाली काय होते? एक साधासा बंधारा. त्याच्या उजव्या हाताला डोंगरात पोखरलेला एक बोगदा. आत अंधार, तळाशी कोरडी वाळू. कुणी त्याचे छायाचित्रही काढले नाही.

श्रोतेहो, त्या बंधाऱ्याची कथा अशी आहे. पेट्रा वसले आहे ते चहूबाजूंच्या डोंगरांच्या खळग्यात. वर्षाचा पाऊस सरासरी दीडशे मिलिमीटर. आपल्या माणदेशातला पाऊस पाचशेच्या आसपास, आणि त्याला आपण दुष्काळी मुलूख म्हणतो. पण हा दीडशे मिलिमीटर पाऊस काही सावकाश पडत नाही. हिवाळ्यात नि वसंतात दोन-चार सरी येतात, त्या कोसळतात. डोंगर उघडे, माती नाही, झाड नाही. पडलेला थेंब जिरत नाही, धावतो. चारी दिशांचे पाणी एकाच ओढ्याला मिळते आणि तो ओढा नैसर्गिक वाटेने नेमका या घळीत शिरतो. घळ कुठे कुठे अवघी तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे. वर आभाळ निरभ्र असताना दूरच्या डोंगरावरचा पाऊस लोंढा होऊन येतो. आत सापडलेल्याला चढून जायला जागा नसते.

दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी घळीच्या तोंडाशी बंधारा घातला, शेजारच्या डोंगरात जवळजवळ ९० मीटर लांबीचा बोगदा खोदला आणि ओढ्याला वळसा घालायला लावून शहराच्या पलीकडून खाली उतरवला. घळ माणसांना मोकळी झाली. पुढे शहर उजाड झाले, बंधारा ढासळला, आणि ओढा मुकाट्याने आपल्या जुन्या वाटेला लागला.

१९६३ सालच्या ८ एप्रिलला फ्रान्सहून आलेला यात्रेकरूंचा एक तांडा आमच्यासारखाच वाटाड्याबरोबर या घळीत उतरला होता. लोंढा आला. वीसहून अधिक माणसे त्यात गेली. त्यानंतर, १९६४ साली, जॉर्डन सरकारने पुन्हा बंधारा बांधला. तो कुठे बांधावा? तर जुना होता तिथेच. विसाव्या शतकातल्या स्थापत्यकारांना त्या जागी याहून वेगळा तोडगा काढण्याची गरज पडली नाही. प्राचीन बोगदा साफ केला, आणि ओढा पुन्हा त्यातून वाहू लागला.

वाटाड्या हे अगदी सपाट आवाजात सांगत होता. मग म्हणाला, “गेल्या नोव्हेंबरातही पाणी आलं होतं.” २०१८ च्या त्या पुरात पेट्रातून साडेतीन हजारांवर प्रवासी बाहेर काढावे लागले होते. जॉर्डनमध्ये इतरत्र माणसे दगावली. हे ऐकल्यावर आमच्यातल्या दोघा-तिघांनी नकळत वर आभाळाकडे पाहिले. ते स्वच्छ निळे होते. पण आताच कळले होते की त्यावरून काही ठरत नाही.

हे लोक कोण होते? त्यांना नबातियन म्हणतात. मूळचे अरब, उंटांवरून फिरणारे. धूप आणि बोळ हे सुगंधी डिंक दक्षिण अरबस्तानात होत, आणि भूमध्य समुद्राकाठच्या देवळांना त्यांची फार मागणी असे. त्या व्यापाराची वाट या लोकांच्या मुलखातून जाई. इसवी सनापूर्वी ३१२ साली अलेक्झांडरच्या एका सेनापतीने, अँटिगोनसने, त्यांच्यावर फौज धाडली. त्या प्रसंगाच्या निमित्ताने डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. तो सांगतो, हे लोक धान्य पेरीत नाहीत, घर बांधीत नाहीत, मद्य पीत नाहीत, आणि जो हा नियम मोडील त्याला देहान्त शासन. का, तर ज्याच्याजवळ घर नि शेत आहे त्याला ते राखण्यासाठी बलिष्ठांपुढे वाकावे लागते.

मग त्यांचे रक्षण कशाने होई? टाक्यांनी! जमिनीत ते मोठमोठी टाकी खोदीत. तोंड अगदी लहान, आत मात्र शंभर-शंभर फूट ऐसपैस. पावसाचे पाणी भरले की तोंड बुजवून जमिनीशी सपाट करीत, आणि खूण फक्त त्यांनाच ठाऊक असे. शत्रू मागे लागला की हे वाळवंटात पसार. यांना पाणी मिळे, शत्रूला तहान. आपल्या गडांवरची खोदीव टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले मर्म लगेच कळेल. रायगड काय, शिवनेरी काय, गड लढतो तो तटापेक्षाही टाक्यांवर.

अशा भटक्यांनी पुढे दोन-तीनशे वर्षांत घरे बांधली, राजे केले, नाणी पाडली, आणि या खळग्यात राजधानी थाटली. तिचे त्यांचे नाव रक्मू. पेट्रा म्हणजे नुसता ‘खडक’, ते ग्रीकांनी दिलेले. नियम मोडला, पण पाण्याची विद्या सोडली नाही.

घळीत शिरल्यावर ती विद्या दोन्ही हातांना दिसू लागते, फक्त कोणी दाखवावी लागते. डाव्या कड्यात कमरेच्या उंचीवर एक पन्हळ कोरलेला आहे. पूर्वी त्यावर दगडी झाकणे असत. उजव्या कड्यात खापराचे नळ बसवले होते, एकात एक गुंतवून, वर चुन्याचा लेप देऊन. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, पाणचक्कीपर्यंत डोंगरातून आलेले खापरी नळ असतात ना, ते पाहिलेल्याला इथे ओळखीचे भेटल्यासारखे वाटते. वादी मूसा गावच्या वरच्या अंगाला ऐन मूसा नावाचा झरा आहे. मूसा पैगंबरांनी काठी आपटून तो काढला, अशी तिथली श्रद्धा. त्या झऱ्याचे पाणी या नळांतून शहरात जाई. उतार इतका बेताचा की पाणी तुंबत नाही आणि नळ फोडण्याइतके धावतही नाही. मध्ये मध्ये गाळ बसण्यासाठी नि वाटसरूंनी तहान भागवण्यासाठी लहान कुंडे.

म्हणजे गंमत पाहा. एकाच घळीतून मारणारे पाणी बाहेर वळवले आणि तारणारे पाणी आत घेतले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या घळीतला साचलेला गाळ उपसला, तेव्हा खाली जुनी फरसबंदी लागली. डाव्या कड्यावर उंटांच्या तांड्याचे मोठे कोरीव काम आहे. वरचा भाग वाऱ्या-पाण्याने झिजून गेला आहे. गाळ काढल्यावर मात्र उंटांचे पाय आणि उंट हाकणाऱ्याची पावले जशीच्या तशी निघाली. चेहरा गेला, पाय राहिले. आणि त्या उंटांच्या मागून तोच पन्हळ वाहत जातो. मूर्तिकाराने आणि पाणी खेळवणाऱ्याने एकमेकांना जागा करून दिली आहे.

घळ संपते आणि एकदम ऊन अंगावर येते. समोर अल-खजना. हा शब्द आपल्याला भाषांतर करून घ्यावा लागत नाही, आपला ‘खजिना’ तो हाच. सुमारे ४० मीटर उंचीचा दर्शनी भाग डोंगरात कोरून काढलेला आहे. शिखरावर दगडी कलश, त्यात फेरोचे सोने दडवले आहे अशी समजूत होती, म्हणून त्यावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. कलश भरीव दगडाचा. सोने कुठले निघणार? ही वास्तू बहुधा राजा चौथा अरेटास याच्या काळातली, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या समकालीन. खजिना नव्हे, थडगे. २००३ साली तिच्या पायाखाली दफनाच्या खोल्या सापडल्या, आणि आमच्या सहलीनंतर पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, आणखी एका जागी बारा सांगाडे मिळाले.

मराठी माणसाला इथे वेरूळ आठवल्याशिवाय राहात नाही. कैलास लेण्याप्रमाणेच हेही कळसापासून पायाकडे कोरत आणलेले आहे. मात्र कैलास खजन्याहून सातशे वर्षांनी धाकटा, आणि तो चहूबाजूंनी मोकळा केलेला. खजना म्हणजे नुसता दर्शनी भाग, आत तीन-चार साध्या खोल्या. मला विचाराल तर कारागिरीत आपले वेरूळ सरस. पण वेरूळला जाणाऱ्याला अंधाऱ्या घळीतून असे अवचित बाहेर यावे लागत नाही, ही गोष्ट पेट्राच्या पदरात टाकली पाहिजे.

आता ती मघाची गंमत. युरोपातल्या लोकांना शेकडो वर्षे या शहराचा पत्ता नव्हता. तो लावला बर्कहार्ट नावाच्या एका स्विस तरुणाने, २२ ऑगस्ट १८१२ रोजी. शेख इब्राहीम हे नाव घेऊन, मुसलमानी वेष करून तो हिंडत होता. डोंगरात एक गुप्त शहर आहे असे त्याच्या कानावर आले. उघड विचारावे तर हेर ठरण्याची भीती. तेव्हा त्याने सांगितले, की हारून पैगंबरांच्या कबरीपाशी बकरा बळी देण्याचा मी नवस केला आहे. ती कबर पेट्राच्या पलीकडच्या डोंगरावर. एक वाटाड्या केला, बकरा घेतला, घळीतून गेला. पडक्या वास्तूंपाशी रेंगाळू लागला, तसा वाटाड्याला संशय आला. बिचाऱ्याला धड टिपणही घेता येईना. अंधार पडू लागला, तेव्हा कबर दुरून दिसते अशा जागी बकरा कापला नि परतला. म्हणजे पेट्रा पाहणारा हा पहिला आधुनिक युरोपीय पाहुणा वाटाड्यासह एका दिवसाच्या सहलीलाच आला होता, आणि त्यालाही घाई करण्यात आली होती! त्याच्या पुढे माझे चार तास मला बरेच वाटू लागले.

खजन्याच्या पुढे घाटी रुंद होते. डोंगरात खोदलेली शेकडो थडगी, कातळातच कोरलेले प्रेक्षागृह, दुतर्फा खांबांचा राजरस्ता. हे सर्व पायांखालून भराभर गेले. थांबलो तो एका सपाट, काटेरी झुडपांच्या जागेपाशी. जुने संशोधक तिला बाजारपेठ समजत. १९९८ साली तिथे उत्खनन झाले, तेव्हा निघाला तलाव. ४३ मीटर लांब, २३ मीटर रुंद, मधोमध बेटावर मंडप, शेजारी बाग. स्ट्रेबो हा रोमन काळातला भूगोलकार लिहून गेला होता की या शहराबाहेर सारे ओसाड, पण आत झरे आहेत, बागा आहेत. हे वाचून पूर्वी लोकांना अतिशयोक्ती वाटत असेल. तहानेने घसा कोरडा पडलेले व्यापारी उंटांवरून महिनोन् महिने चालत यावेत आणि त्यांना काय दिसावे, तर नुसते शोभेसाठी साठवलेले पाणी! नबातियन राजांना आपली श्रीमंती दाखवायची होती, ती त्यांनी सोन्याने नव्हे, अशी दाखवली.

इथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, एक धागा येतो, तो सांगितला पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक लिहिले. लेखकाचे नाव कोणालाच माहीत नाही. त्यात तांबड्या समुद्रावरचे एक बंदर सांगितले आहे, जिथून नबातियनांचा राजा मलिकस याच्या पेट्राला वाट जाते. तिथे आयात मालावर चौथा हिस्सा जकात घेणारा अधिकारी बसलेला असे. चौथाईची कल्पना मराठी वाचकाला काही परकी वाटायची नाही! त्याच पुस्तकात काही पाने उलटली की पैठण येते, तगर म्हणजे आपले तेर येते, कल्याण येते. पैठणचा माल वीस दिवसांच्या वाटेने भडोचला जाई, असे तो लिहितो. एकाच व्यापाऱ्याच्या टिपणात पेट्रा आणि पैठण.

पण याच पुस्तकात पेट्राच्या पडत्या काळाची चाहूलही आहे. मोसमी वारे धरून गलबते भर समुद्रातून थेट मिसरच्या बंदरांना ये-जा करू लागली होती. उंटाच्या पाठीवरचा माल जहाजाच्या पोटात गेला. पुढे इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने हे राज्य खालसा केले. उत्तरेला पाल्मिरा वर आले. कारणे पुष्कळ, पण आपल्या भडोच-कल्याणच्या धक्क्यावरून सुटलेल्या गलबतांचाही त्यात थोडा वाटा होता, हे त्या उन्हात उभे राहून आठवले तेव्हा चमत्कारिक वाटले.

इ. स. ३६३ मध्ये मोठा भूकंप झाला. निम्मे शहर पडले. तरी ते लगेच मेले नाही. १९९३ साली एका पडक्या चर्चमध्ये जळून कोळसा झालेल्या सुमारे दीडशे पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. त्या सहाव्या शतकातल्या. विद्वानांनी अतोनात कष्टाने त्या उलगडल्या. आत काय निघाले? वारसाहक्क, हुंडा, जमिनीच्या वाटण्या, घराचे भांडण. म्हणजे माणसे अजून नांदत होती, भांडत होती. नंतर हळूहळू नळ फुटले, ते कोणी सांधले नाहीत. टाक्यांत गाळ भरला, तो कोणी उपसला नाही. राजा हरल्याने शहर एका दिवसात पडते, गाळ न उपसल्याने ते शंभर वर्षांत, कोणाच्या लक्षात न येता पडते.

परतीच्या वाटेवर मी वाटाड्याला त्याचे गाव विचारले. त्याने मागच्या डोंगराकडे बोट केले. “माझा जन्म तिथला, गुहेतला.” पेट्राच्या गुहांत बेदुल जमातीची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहात होती. १९८५ साली पेट्राचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच सुमारास या लोकांना जवळच्या टेकडीवर बांधलेल्या उम्म सैहून या नव्या वस्तीत हलवण्यात आले.

“नवी घरं बरी आहेत का?” मी विचारले.

“नळाला पाणी येतं,” तो म्हणाला. थोडे थांबून पुढे म्हणाला, “गुहेत असताना आजी पावसाच्या आधी आम्हा पोरांना टाकं साफ करायला खाली उतरवायची. टाकं कोणी खणलं ते तिला माहीत नव्हतं. साफ कधी करायचं ते माहीत होतं.”

घळीतून वर येईपर्यंत चार वाजत आले होते. पश्चिमेला डोंगरामागे एक लहानसा ढग आला होता, पाऊसबिऊस काही नव्हता. बंधाऱ्यापाशी आल्यावर तो थांबला आणि एकेकाच्या अंगाकडे बोट दाखवीत आम्हांला मोजू लागला. सव्वीस भरली. पुन्हा मोजली. सव्वीसच. कोणी थट्टा केली नाही. मग आमचे ते वडीलधारे गृहस्थ घळीच्या वळणावरून एका हातात काठी नि दुसऱ्या हातात जोडा घेऊन, लंगडत वर येताना दिसले. वाटाड्याने त्यांच्या हातातला जोडा घेतला, आतला खडा झटकून काढला आणि ते बंधारा ओलांडेपर्यंत तिथेच उभा राहिला.